ऑटोक्रॉसचे रन ग्रुप: आधी दोन फेऱ्यांमधला वेळ ठरवा, नावं नंतर भरा

हौशी ऑटोक्रॉसचा दिवस लांबतो, माणसं चिडतात, शेवटच्या गटाच्या फेऱ्या कापाव्या लागतात. याचं मूळ बहुतेक वेळा आदल्या रात्रीच्या एका कागदात असतं. आलेल्या नोंदण्यांना चाराने भागलं की झाले गट, म्हणजे एका सत्रात एकत्र धावणारे ड्रायव्हर. दोन फेऱ्यांच्या मधे ड्रायव्हरला किती वेळ मिळणार हे कुणी ठरवतच नाही, जो पडेल तो पडतो. आम्ही हे उलट्या टोकाने करायला सांगतो: आधी मधला वेळ ठरवा, त्यावरून गटाचा आकार काढा, आणि नावं सगळ्यात शेवटी भरा.

इथे ऑटोक्रॉस म्हणजे डांबरी किंवा काँक्रीटच्या मोकळ्या पटांगणात कोन (प्लॅस्टिकचे शंकू) मांडून आखलेला कोर्स. प्रत्येकाची शर्यत घड्याळाशी, फेऱ्या ठरावीक, आणि त्यातली सर्वांत चांगली वेळ धरायची. शेतातल्या किंवा मातीच्या ट्रॅकवरच्या प्रकाराचं गणित वेगळं आहे.

गॅप आणि चक्र

एक वेळ स्टार्टरच्या हातात असते: एक गाडी सोडल्यावर दुसरी किती सेकंदांनी सोडायची. ही गॅप. दुसरी ड्रायव्हरच्या वाट्याला येते: त्याची एक फेरी सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा काळ. हे चक्र. दोघांचं नातं साधं आहे. गटातले ड्रायव्हर गुणिले गॅप म्हणजे चक्र.

२४ ड्रायव्हर आणि ३० सेकंदांची गॅप धरली तर चक्र १२ मिनिटांचं. त्यातलं साधारण एक मिनिट फेरीत जातं, एक मिनिट ग्रिडवर (फेऱ्यांच्या मधे गाड्या उभ्या राहतात त्या जागी) परतण्यात आणि दीड मिनिट स्टार्टच्या रांगेत. ड्रायव्हरच्या हातात उरतात आठ-साडेआठ मिनिटं. एवढ्यात टायरचं प्रेशर बघून होतं, पाणी पिऊन होतं, आणि आधीच्या फेरीत कुठे उशिरा वळलो याचा विचारही होतो. तोच गट ४५ जणांचा केला तर चक्र साडेबावीस मिनिटांवर जातं. टायर थंड पडतात, लक्ष उडतं, माणसं गाडी सोडून गप्पा मारायला जातात आणि पाळी आली की शोधावी लागतात. उलट आठ जणांचा गट केला तर चक्र चार मिनिटांचं. मग इंजिन आणि ब्रेक दोन्ही तापलेलेच राहतात आणि ड्रायव्हर आधीचीच चूक पुन्हा करतो.

एका ड्रायव्हरच्या गाडीसाठी १० ते १५ मिनिटांचं चक्र उत्तम. पण गटाचा खरा आकार ठरतो तो दोन ड्रायव्हरच्या गाड्यांवर.

एक गाडी, दोन ड्रायव्हर

अशी गाडी प्रत्येक चक्रात दोनदा धावते. दोघांची नावं यादीत एकाखाली एक असतात, म्हणून ग्रिडवरचा माणूस आधी सगळे पहिले ड्रायव्हर सोडतो आणि त्यांच्या मागोमाग सगळे दुसरे. गटात अशा चार गाड्या असतील तर पहिल्या गाडीच्या दोन सुटण्यांमध्ये चार पाळ्या, म्हणजे दोन मिनिटं. त्यातलं एक मिनिट गाडी कोर्सवरच असते. उरलेल्या एका मिनिटात ग्रिडवर यायचं, एकाने उतरायचं, दुसऱ्याने बसायचं, सीट पुढेमागे करायची, पट्टा आवळायचा आणि दारावरचा चुंबकी नंबर बदलायचा. यात हमखास राहतो तो नंबर, आणि टायमिंगवाल्याकडे दुसऱ्याची वेळ पहिल्याच्या नावावर चढते.

त्यापेक्षा चक्राचे दोन भाग करा. आधी दोन ड्रायव्हरच्या गाड्यांचे पहिले ड्रायव्हर, मग एकट्या ड्रायव्हरच्या निम्म्या गाड्या, मग दुसरे ड्रायव्हर, मग एकट्यांचा उरलेला निम्मा. २४ जणांत अशा चार गाड्या असतील तर क्रम ४, ८, ४, ८ असा होतो. दोन ड्रायव्हरच्या प्रत्येक गाडीच्या दोन सुटण्यांमध्ये बरोबर १२ पाळ्या, म्हणजे सहा मिनिटं. फेरीचं एक मिनिट वजा केलं की पाच उरतात. एक फेरी संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत पाच मिनिटं, ही आमच्या मते खालची मर्यादा. त्याखाली जाऊ नका.

ग्रिडवाल्यांना एक गोष्ट लवकर उमगायला हवी. अशा गाड्या चार असोत की दहा, निम्म्या चक्राचा नियम बदलत नाही. दहा असतील तर क्रम १०, २, १०, २ होतो आणि मधे पाळ्या बाराच राहतात. त्यामुळे हिशेब एवढाच: गटाचा आकार गुणिले गॅप, भागिले दोन, हे उत्तर सहा मिनिटांच्या खाली येता कामा नये. ३० सेकंदांच्या गॅपला २४ ड्रायव्हर लागतात. २० सेकंदांवर गाड्या सोडायच्या असतील तर ३६. कार्यक्रम भरभर उरकायचा म्हणून नुसती गॅप कमी केली आणि गट तेवढाच ठेवला, की सगळ्यात आधी याच गाड्या अडकतात.

दोघे वेगवेगळ्या क्लासमध्ये (स्पर्धेच्या वर्गात) असतील तर त्यांना सरळ वेगवेगळ्या गटांत टाका. प्रश्नच मिटतो.

गॅप किती ठेवायची

गॅपला खालची मर्यादा तीन गोष्टींची. कोर्सवर दोन गाड्या एकमेकींच्या जवळ येता कामा नयेत. पुढची गाडी पोचण्याआधी मार्शलने पडलेला कोन उभा केलेला असावा. आणि टायमिंगच्या माणसाला आधीच्या गाडीची वेळ आणि कोन लिहून घेता यावेत.

५५ ते ६० सेकंदांच्या कोर्सवर ३० सेकंदांची गॅप ठेवली तर एका वेळी दोन गाड्या आत असतात. नव्या आयोजकांनी यापेक्षा घाई करू नये. स्टार्टरच्या हातात स्टॉपवॉच देऊ नका, खूण द्या. ‘आधीची गाडी त्या उंच कोनाच्या गेटमधून गेली की पुढची सोडायची.’ गाडी घसरली, गरगर फिरली किंवा अडखळली तर खूण आपोआप उशिरा येते. घड्याळ मात्र आपल्या वेळेलाच वाजतं.

वेगातला फरक विसरू नका. ५० सेकंदांत कोर्स संपवणारी गाडी ७५ सेकंद घेणाऱ्या नवख्याच्या मागे ३० सेकंदांनी सोडली, तर फिनिशपाशी दोघांत पाचच सेकंद उरतात, आणि मधे नवख्याने एखादं गेट चुकवलं तर तेही नाहीत. अशा ठिकाणी स्टार्टरने दहा-पंधरा सेकंद जास्त थांबावं. ग्रिडवाल्याने ‘पुढची गाडी नवखी’ एवढं रेडिओवर आधी सांगितलं की पुरतं.

दिवसाचा हिशेब आणि मार्शल

९६ ड्रायव्हर, चार गट, प्रत्येकी पाच फेऱ्या: एकूण ४८० फेऱ्या. ३० सेकंदांप्रमाणे चार तास. री-रन (पुन्हा दिलेल्या फेऱ्या) आणि लाल झेंड्यांसाठी (गाडी थांबवण्याची खूण) दहा टक्के, म्हणजे २४ मिनिटं. गट बदलण्याचे तीन प्रसंग, प्रत्येकी १२ मिनिटं. बरोबर पाच तास. नोंदणी, गाड्यांची तपासणी, कोर्स चालत बघणं, ड्रायव्हर मीटिंग आणि जेवण याबाहेर.

या हिशेबातला एक आकडा स्टार्टजवळच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: गॅप सरासरी एका सेकंदाने वाढली की दिवस आठ मिनिटांनी लांबतो. पाच सेकंदांनी वाढली तर ४० मिनिटांनी. हेल्मेटचा पट्टा स्टार्ट लाइनवर लावत बसणारा एक ड्रायव्हर कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, पण पाच तासांचे सहा होतात ते अशाच थांबण्यांमुळे.

गट किती लहान करता येईल हे मार्शलही ठरवतात, कारण जे धावत नाहीत तेच काम करतात. कोर्सवर पाच चौक्या, प्रत्येकी तिघे: १५. स्टार्टर एक, ग्रिडवर दोघे, टायमिंगला दोघे, प्रवेशद्वारावर एक. झाले २१. २४ च्या गटात तिघे हाताशी उरतात, आणि ते लागतातच. प्रत्येक चौकीवर लाल झेंडा, अग्निशामक आणि रेडिओ हवा. एकाने रेडिओ सांभाळायचा, दोघांनी कोन. स्लॅलमजवळच्या (कोनांच्या ओळीतून नागमोडी जायच्या भागाजवळच्या) चौकीला चौथा माणूस द्या, कोन सगळ्यात जास्त तिथेच पडतात.

कोण कधी धावणार, कोण कधी काम करणार

तीन गटांत काम वाटताना हटकून एक चूक होते. ‘अ धावतो तेव्हा ब काम करतो, ब धावतो तेव्हा क, क धावतो तेव्हा अ’ हे ओघाने सुचतं. पण यात ब आणि क दोघेही उन्हातून काम करून थेट स्वतःच्या गाडीकडे धावतात. ट्रंकमधलं सामान काढायचं असतं, टायर बघायचे असतात, आणि पहिली फेरी तोंडावर. क्रम उलटा फिरवा: अ धावतो तेव्हा क काम करतो, ब धावतो तेव्हा अ, क धावतो तेव्हा ब. आता काम करून लगेच कुणालाच धावावं लागत नाही. धावून लगेच कामाला जावं लागतं, पण त्यासाठी गाडी लावून टोपी घातली की झालं.

चार गट असतील तर याहून छान जमतं. पहिला धावतो, तिसरा काम करतो. दुसरा धावतो, चौथा काम करतो. तिसरा धावतो, पहिला काम करतो. चौथा धावतो, दुसरा काम करतो. प्रत्येकाला धावणं आणि काम यांच्यामध्ये एक पूर्ण सत्र मोकळं मिळतं. उशिरा येणाऱ्यांना दुसऱ्या किंवा चौथ्या गटात टाकता येतं, कारण पहिल्या सत्रात त्यांची गरज नसते. नवख्यांसोबत बसणारे प्रशिक्षकही त्या-त्या सत्रातल्या मोकळ्या दोन गटांतून मिळतात.

नावं भरताना एका क्लासचे सगळे ड्रायव्हर एकाच गटात ठेवा, यात तडजोड नको. दिवसभरात पृष्ठभाग बदलत जातो. सकाळी धूळ असते, मग रेषेवर रबर बसतं, दुपारी डांबर तापतं, मधेच पाऊस येतो. एकाच क्लासमधला एक जण सकाळी आणि दुसरा दुपारी धावला तर ती स्पर्धा राहत नाही. नवखे मात्र सगळ्या गटांत पसरा. त्यांचा वेगळा गट केला तर त्यांच्या कामाच्या सत्रात पाचही चौक्यांवर नवखेच उभे राहतात, आणि लाल झेंडा कधी दाखवायचा हे ठाऊक असलेलं माणूस कोर्सवर कुठेच नसतं. एका चौकीवर जास्तीत जास्त एक नवखा.

ग्रिड

ग्रिडवरच्या जागांवर खडूने १ ते २० असे मोठे आकडे काढा. वरच्या उदाहरणात ड्रायव्हर २४ असले तरी गाड्या २० च आहेत. दोन ड्रायव्हरच्या गाड्यांना बाहेर पडायच्या टोकाकडची रांग द्या. फेरीनंतर गाडी आपल्याच आकड्यावर परत आली पाहिजे. एक जण मोकळी दिसली म्हणून दुसऱ्याच्या जागेत शिरला की पुढच्या दहा गाड्यांचा क्रम बिघडतो.

ग्रिडच्या फळ्यावर रकाने असे: जागा, गाडीचा नंबर, पहिला की दुसरा ड्रायव्हर, आणि फेऱ्यांसाठी पाच चौकटी. गाडी ग्रिड सोडते तेव्हाच खूण करा, परतल्यावर नाही. दोघांपैकी एकाने फक्त फळा सांभाळायचा. दुसऱ्याने गाड्यांमधून फिरत पुढच्या पाच ड्रायव्हरना सांगत राहायचं: पाच गाड्या बाकी असताना हेल्मेट, तीन असताना पट्टा, मग काच वर आणि इंजिन चालू.

स्टार्टच्या रांगेत तीन गाड्या उभ्या ठेवा. दोन असतील तर एखादी बंद पडली की स्टार्टर रिकामा बसतो. सहा असतील तर शेवटचा ड्रायव्हर हेल्मेट घालून तीन मिनिटं घामाघूम होतो आणि ग्रिडवर मिळालेल्या वेळेतला मोठा भाग रांगेतच जातो.

ड्रायव्हरने त्या आठ मिनिटांत काय करायचं

जागेवर आल्यावर हँडब्रेक ओढू नका. मागचे ब्रेक तापलेले असतात, ओढून ठेवले की पॅड गरम डिस्कला दाबून बसतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला ठोकळा लावा. बॉनेट उघडा, विशेषतः टर्बो असेल तर. फॅन चालू राहत असेल तर राहू द्या.

मग टायर. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत प्रेशर दोन ते चार पीएसआय वाढलेलं असतं. सकाळी जो आकडा चांगला वाटला तोच धरायचा असेल तर प्रत्येक फेरीनंतर थोडी हवा काढावी लागते. टायरच्या खांद्यावर खडूची आडवी रेघ मारा. फेरीनंतर रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते बघा: खांद्यावरून खाली बाजूच्या भिंतीवर गेली असेल तर हवा कमी आहे, खांद्यापर्यंत पोचलीच नसेल तर जास्त. चारही टायर दोन मिनिटांत होतात. दोन ड्रायव्हरच्या गाडीत टायरला थंड व्हायला निम्माच वेळ मिळतो, म्हणून बागेत वापरतात तसा पाच-आठ लिटरचा हातपंप ठेवतात आणि ट्रेडवर (टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर) पाण्याचा बारीक फवारा मारतात. थंडीच्या दिवसात हे करू नका. पाणी ग्रिडवरून बाहेर पडायच्या वाटेवर साचू देऊ नका आणि स्टार्ट लाइनजवळ तर फवारा अजिबात नको.

उरलेला वेळ डोळे मिटून कोर्स आठवण्यासाठी. अमेरिकेत नेब्रास्कातल्या लिंकनला एससीसीएची (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) राष्ट्रीय सोलो, म्हणजे ऑटोक्रॉसची, स्पर्धा होते. तिथे दोन दिवस, दोन कोर्स आणि प्रत्येकावर फक्त तीन फेऱ्या असतात, त्यामुळे दोन फेऱ्यांमधली मिनिटं तिथे फार जपून वापरली जातात. पाच फेऱ्यांच्या हौशी दिवशीही तीच सवय लावा. प्रत्येक फेरीनंतर एकच गोष्ट ठरवायची, पुढच्या फेरीत तेवढीच बदलायची.

री-रन

पुढच्या गाडीमुळे लाल झेंडा मिळाला, टायमिंग हुकलं, किंवा आधीच्या गाडीने पाडलेला कोन उभा झालेला नव्हता आणि ड्रायव्हरने थांबून तो दाखवला, तर री-रन. गाडीतच बिघाड झाला तर नाही. हे मीटिंगमध्येच सांगा. कोनसाठी एससीसीएच्या नियमाप्रमाणे दोन सेकंद दंड धरणार असाल तर तेही तिथेच सांगा. प्रत्येक कोनभोवती खडूची चौकट काढलेली हवी. कोन उभा असून चौकटीला थोडासा जरी टेकलेला असला तर दंड नाही. आडवा पडला किंवा पूर्ण बाहेर गेला तर दंड.

री-रन लगेच देऊ नका आणि गटाच्या शेवटापर्यंतही ठेवू नका. लगेच दिला तर टायर तापलेले, ड्रायव्हर चिडलेला. शेवटी ठेवला तर तीन-चार गाड्या आणि पाच मिनिटांची सक्तीची वाट, तेवढा वेळ सगळे मार्शल नुसते उभे. एकट्या ड्रायव्हरला मूळ पाळीपासून निम्म्या चक्रावर, म्हणजे १२ पाळ्यांनंतर घ्या. दोन्ही बाजूंना सहा-सहा मिनिटं मिळतात. दोन ड्रायव्हरच्या गाडीत मात्र त्या जागी जोडीदाराची पाळी असते. तिथे री-रन पुढच्या नेहमीच्या पाळीलाच द्या आणि राहिलेली फेरी शेवटी घ्या. शेवटच्या फेरीनंतर पाच मिनिटं थांबायची ड्रायव्हरचीच इच्छा नसेल तर थांबवू नका, फक्त तो त्याचा निर्णय आहे हे फळ्यावर त्याच्याकडून सही घेऊन नोंदवा.

गट बदलताना

शेवटची गाडी फिनिशला आल्यावर पुढच्या मार्शलना हाका मारायला लागलात तर १२ मिनिटांची २५ होतात. गटाची शेवटची फेरी सुरू होताच नवीन मार्शलना टेबलावर बोलवा, हजेरीची सही घ्या, चौकी नेमून द्या. जो कामाला आला नाही त्याच्या वेळा रद्द, ही अट नोंदणीच्या फॉर्मवरच असावी. कोर्स बंद झाल्याचा रेडिओ येईपर्यंत कुणी आत पाऊल टाकायचं नाही. चौकीवर जुन्याने नव्याला झेंडा, अग्निशामक आणि रेडिओ हातात द्यायचे, आणि कुठला कोन वारंवार पडतोय ते सांगायचं. तेवढ्या वेळात पुढच्या गाड्या ग्रिडवर येतात.

मागे पडलात तर

पहिल्या गटाच्या दोन फेऱ्या झाल्या की थांबून मोजा. ४८ फेऱ्यांना २४ मिनिटं लागायला हवीत. २९ लागली असतील तर तुमची खरी गॅप ३६ सेकंदांची आहे आणि दिवस ४८ मिनिटांनी लांबणार आहे. आधी कारण शोधा: ग्रिडवाले स्टार्टची रांग रिकामी ठेवताहेत, स्टार्टरची खूण फार पुढे आहे, की एकाच ठिकाणी कोन पडताहेत? तिसऱ्या कारणावर तो कोन अर्धा मीटर सरकवण्याचा मोह होईल, पण पहिल्या गटाच्या फेऱ्या झालेल्या असताना कोर्स बदलता येत नाही. तिथे माणूस वाढवा.

तरीही जमत नसेल तर सगळ्यांची एक फेरी कापा. ९६ फेऱ्या कमी झाल्या की ३६ सेकंदांच्या हिशेबाने ५७ मिनिटं वाचतात. हा निर्णय पहिल्या गटाची पाचवी फेरी सुरू व्हायच्या आत घ्यायचा असतो. पहिल्या तीन गटांना पाच आणि चौथ्याला तीन, असं कधीही करू नका. चौथ्या गटातल्या माणसानेही सकाळपासून उन्हात उभं राहून तुमचे कोन उचललेले असतात.

शेवटच्या गटावर वेगळं लक्ष ठेवा. तिथे गाड्या गळतात, कुणी टायर बदलून घरची वाट धरतो, कुणाची गाडी बिघडते. २४ चे १८ झाले की निम्मं चक्र साडेचार मिनिटांवर येतं. स्टार्टर ठरल्या खुणेवर गाड्या सोडतच राहतो, त्याच्या बाजूने सगळं सुरळीत दिसत असतं. फळा सांभाळणाऱ्यानेच उरलेले ड्रायव्हर मोजून त्याला सांगायचं की आता गॅप ४० सेकंद कर.